मी मोर दिसली

दिवाळीत अमेरिकेतली बहीण पोरीला घेऊन आली होती. चार दिवस पुण्यात काढले आणि मग सगळे मिळून गावी गेलो. आमचं गाव तलवाडा, तालुका गेवराई, जिल्हा बीड. (पुण्याजवळचं तळवडे नव्हे. हे दरवेळी सांगावं लागतं.) भाची नऊ वर्षांची. मराठी समजतं, बोलतेही, पण आधी डोक्यात इंग्रजी वाक्य तयार करते आणि मग एकेक शब्द बदलून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती धाकट्या मामाबरोबर कापसात गेली आणि धापा टाकत परत आली.

"मामा, मामा, मी मोर दिसली!"

अख्खी ओसरी हसली. "मोरासारखी दिसलीस का गं? नाचून दाखव बरं!" असं कुणीतरी म्हणालं आणि पोरगी हिरमुसली. रात्री मला एकटं गाठून तिनं विचारलं, "आय सॉ म्हणजे मी दिसली का नाही? सी म्हणजे दिसणं ना?"

मी म्हटलं, "मला मोर दिसला, असं म्हणायचं."

"पण मोरानं काय केलं? मी केलं ना सी!"

आता याला काय उत्तर द्यावं? "मराठीत तसंच असतं" म्हणून वेळ मारून नेली. पण परत येताना गाडीत तोच प्रश्न डोक्यात घोळत राहिला. पुढे त्याला असे काही फाटे फुटले की मी बीड जिल्ह्याच्या महसुली कागदपत्रांत जाऊन पोचलो. म्हटलं, लिहूनच काढावं. नातेवाईक मंडळी वाचतातच, बाकीच्यांनीही वाचावं.

तर आधी पोरीचा प्रश्न.

इंग्रजी 'सी' हा शब्द फार राबतो. मोर 'सी' करायचा, डॉक्टरला 'सी' करायचं, गोष्ट समजली की 'आय सी' म्हणायचं, विचार करायला वेळ हवा असेल तर 'लेट मी सी', आणि निरोप घेताना 'सी यू'. या सगळ्यात कर्ता मात्र बघणारा माणूस. मोर आपण होऊन समोर आला, तुम्ही त्याला शोधायला गेला नव्हतात, तरी वाक्यात मालक तुम्हीच. मुद्दाम बघण्यासाठी त्यांच्याकडे 'लुक' आणि 'वॉच' वेगळे आहेत, पण तिथेही मालक बदलत नाही.

मराठीत तसं नाही. 'मला मोर दिसला' या वाक्यात कर्ता मोर. मी नुसता 'मला'. याचं कारण शब्दाच्या जन्मातच आहे. संस्कृतात 'दृश्यते' म्हणजे 'पाहिला जातो'. त्याचं प्राकृतात 'दीसइ' झालं आणि मराठीत 'दिसे, दिसतो'. म्हणजे हे क्रियापद मुळातच कर्मणी. जी वस्तू पाहिली जाते तिच्या बाजूनं बोलणारं. भाचीला हे सांगितलं असतं तर तिनं आणखी दहा प्रश्न विचारले असते, म्हणून बरं झालं, नाही सांगितलं :)

मुद्दाम, लक्ष देऊन करायचं ते 'पाहणं' किंवा 'बघणं'. तिथे मात्र माणूस कर्ता. म्हणून 'मला दिसलं, पण मी पाहिलं नाही' हे आपल्याकडे सरळ वाक्य आहे, त्यात काही कोडं नाही. 'देखणं' हा तिसरा. ज्ञानेश्वरांच्या मराठीत तो जागोजागी भेटतो, आता 'देखणा', 'देखरेख', 'देखावा' अशा शब्दांत शिल्लक आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि मधे १८४७ साली कँडीनं इंग्रजी-मराठी कोश पुरा केला. एका 'सी' पुढे मराठीतली ही सगळी बिऱ्हाडं मांडताना त्या साहेबांची काय धांदल उडाली असेल, याची मला फार गंमत वाटते.

या कुळातले काही शब्द आपण ओळखतही नाही. 'पाहिजे' हा त्यातला एक. 'पाहिजे' हे 'पाहणे'चं जुनं कर्मणी रूप, 'म्हणिजे'वरून 'म्हणजे' आलं तसंच. मूळ अर्थ, 'पाहिलं जातं', 'शोधलं जातं'. म्हणजे 'मला पाणी पाहिजे' या वाक्यात तळाशी कुणीतरी पाणी शोधत फिरतंय. आमच्या भागातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. उलट 'पाहुणा' हा या घरातला वाटतो, पण तो परका. त्याचं मूळ संस्कृत 'प्राघूर्ण'. पाहायला येतो तो पाहुणा, अशी माझी वर्षानुवर्षं समजूत होती. मुलगी पाहायला येतात म्हणून असेल.

गावात त्वरिता देवीचं देऊळ आहे. दिवाळीत गेलो तेव्हा भाचीनं आईला इंग्रजीत विचारलं, "आपण देवीला 'सी' करायला चाललो का?" बहीण म्हणाली, "दर्शनाला." दर्शन हा शब्दही त्याच 'दृश्' धातूचा. पण दर्शन आपण घेतो आणि देवी देते. तिनं दिलं नाही तर रांगेत चार तास उभं राहूनही ते होत नाही, असं मानणारी माणसं मी पाहिली आहेत. तिथेही मोराचाच न्याय. पाहणाऱ्याच्या हातात सगळं नसतं.

इथपर्यंत सगळं भाषेचं झालं. आता त्या दुसऱ्या शब्दाकडे येतो, ज्याच्यासाठी खरं तर हा लेख लिहायला घेतला. तो शब्द म्हणजे 'पाहणी'.

शहरातल्या वाचकांना पाहणी म्हटलं की मंत्री, पांढऱ्या गाड्या आणि बांधावर उभं राहून काढलेले फोटो आठवतील. आमच्याकडे पाहणी हा कागद आहे. 'पाहणी पत्रक' म्हणतात त्याला. कोणत्या शेतात कुणाचा कब्जा, कोणतं पीक, किती क्षेत्र, पाणी कुठलं, हे दर वर्षी शेतावर जाऊन पाहायचं आणि लिहायचं. शेतसारा ठरवण्याआधी उभं पीक पाहून यायची ही पद्धत मराठेशाहीतही होती आणि शब्दही तोच होता. पाहिलं म्हणून पाहणी, इतका साधा.

आमचा मुलूख हा दोन सत्तांच्या मधला. गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ रोजी तिथे थोरल्या माधवराव पेशव्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तिथेच मारला गेला. लढाई पेशव्यांनी जिंकली, पण बीड पुढे निजामाच्या राज्यातच राहिलं, थेट सप्टेंबर १९४८ पर्यंत. दफ्तराची वरची भाषा आधी फारसी, मग १८८० च्या दशकात उर्दू झाली. गावचे कुलकर्णी मात्र मोडीत मराठी लिहीत राहिले. त्यामुळे आमच्याकडच्या जुन्या कागदांत सन फसली असतो (त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३५५ फसली म्हणजे १९४५-४६), हुद्दे फारसी असतात, आणि मधेच 'पाहणी' हा ठेठ मराठी शब्द ठाण मांडून बसलेला असतो.

गंमत म्हणजे हा शब्द मराठीत थांबला नाही. तेलंगणातला शेतकरी आजही 'पहाणी' म्हणतो, कर्नाटकातला 'पहणी' म्हणतो. जमिनीच्या उताऱ्याचं ते नावच आहे तिकडे. १९५४-५५ सालचं 'खासरा पाहणी पत्रक' हे तर मराठवाड्यात आणि तेलंगणात दोन्हीकडे कोर्टकज्ज्यातलं मोठं नाव, कारण तेव्हा दोन्ही प्रदेश एकाच हैदराबाद राज्यात होते. १९५६ मध्ये राज्य फुटलं, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, तरी कागद आपल्या नावासकट तिन्हीकडे राहिला. वरंगळच्या एखाद्या म्हाताऱ्याला 'पहाणी'चा अर्थ विचारला तर तो खिशातून कागद काढून दाखवील. त्या शब्दाच्या पोटात मराठी 'पाहणं' आहे, हे त्याला माहीत असायचं काही कारण नाही.

आणि आपण हसायचं कारण नाही, इंग्रजीतही हेच झालंय. 'सर्व्हे' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचा अर्थ 'वरून पाहणं'. गोल्डस्मिड आणि विंगेट या साहेबांनी १८३५ साली इंदापूर तालुक्यात नवी मोजणी सुरू केली, ती पद्धत मुंबई इलाख्यात पसरली आणि १८७० च्या दशकापासून निजामानंही त्याच धर्तीवर मोजणी करवली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक शेताला 'सर्व्हे नंबर' आहे. म्हणजे एकाच बांधावर दोन भाषांतलं 'पाहणं' येऊन बसलं. पुरावा या अर्थाचा 'एव्हिडन्स' हा शब्दही लॅटिनमधल्या 'पाहणं' या धातूचाच, आणि आपल्या 'साक्षी'त 'अक्षि' म्हणजे डोळा आहेच. जगात सगळीकडे सरकारला आणि कोर्टाला डोळ्यांचा मोठा भरवसा.

आता 'नजर'. हा अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आला. त्याच्याबरोबर दुसरी एक 'नजर'ही आली, निजामाच्या दरबारात अशरफी आणि रुपये ठेवून करायची ती. ही भेट या अर्थाची, मूळ अरबीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं. देवनागरीत दोघी एकसारख्या दिसू लागल्या. 'नजराणा' या दुसरीचा, 'नजरचूक' पहिलीची. पण मला सांगायचंय ते 'नजरअंदाज'बद्दल.

हिंदी-उर्दूत 'नजरअंदाज करना' म्हणजे दुर्लक्ष करणं, नजरेआड टाकणं. मराठीत 'अंदाज' म्हणजे अदमास, म्हणून आपला 'नजरअंदाज' म्हणजे डोळ्यानं पाहून बांधलेला अदमास. पीक कसं आहे हे ठरवायची महाराष्ट्र सरकारची जी पद्धत, तिची पहिली पायरी म्हणजे 'नजरअंदाज पैसेवारी'. सप्टेंबरअखेर ती जाहीर होते, ऑक्टोबरअखेर सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. पूर्वी हिला 'आणेवारी' म्हणत. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, आठ आणे म्हणजे निम्मं. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, आणे गेले, तरी म्हातारी माणसं आणेवारीच म्हणत राहिली. पन्नास पैशांच्या खाली आलं की टंचाई. मग शेतसाऱ्यात सूट, वीजबिलात सवलत, पोरांची परीक्षा फी माफ, कर्जवसुलीला थोडा दम. पन्नासच्या वर राहिलं तर यातलं काही नाही.

अंतिम पैसेवारीसाठी दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा आखून पीक कापून, वजन करून पाहतात. पण पहिली बातमी येते ती नजरअंदाजाची. वर्तमानपत्रात 'बीड जिल्ह्याची नजरअंदाज पैसेवारी जाहीर' असा मथळा आला की हिंदी जाणणाऱ्या माणसानं त्याचा काय अर्थ घ्यावा? आणि ज्या वर्षी ती पन्नासच्या वर येते त्या वर्षी गावात दोन्ही अर्थ एकदमच लागू होतात. आमची आजी अशा वेळी म्हणायची, "पीक डोळ्याला दिसतंय तसं हाताला लागत न्हाई बाबा." सप्टेंबरात शेत हिरवंगार असतं. रस्त्यावरून जाणाऱ्याला काय कळणार की बोंडं धरलीच नाहीत?

पुढे हेही बदललं. केंद्र सरकारनं २०१६ साली दुष्काळाची नवी संहिता काढली आणि महाराष्ट्रानं ती २०१७ मध्ये स्वीकारली. आता पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, भूजल आणि उपग्रहावरून दिसणारी हिरवाई असे निकष आले. तलाठ्याच्या डोळ्याच्या जागी आकाशातला डोळा. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. २०२३ मध्ये, त्याच तारखेला, ४० तालुक्यांत. बीड जिल्ह्यातले वडवणी, धारूर आणि अंबाजोगाई त्यात होते. गोदावरीच्या पलीकडचा अंबड होता, अलीकडचा गेवराई नव्हता. ओरड झाल्यावर नोव्हेंबरात आणखी १०२१ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली.

'सदृश' या शब्दाशी मी जरा थबकलो. पुन्हा तोच 'दृश्' धातू. दुष्काळासारखं दिसणारं. ज्या माणसाच्या विहिरीला पाणी नाही त्याला विचारा, कशासारखं दिसतं ते. पण सरकारी भाषेत 'दुष्काळ' आणि 'दुष्काळसदृश' हे दोन वेगळे कप्पे आहेत आणि आपण कोणत्या कप्प्यात पडलो यावर मदत अवलंबून असते. दिसणं इथे मोजून मापून लिहिलं जातं.

आता घरची गोष्ट.

२०२३ च्या हिवाळ्यात आमच्याकडे घरोघरी जुने कागद निघत होते. मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली होती आणि ज्या निजामकालीन कागदांत नोंदी शोधायच्या होत्या त्यात पाहणी पत्रक, खासरा पत्रक हीही नावं होती. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांना एकदम भाव आला. या सगळ्या गडबडीत चुलत भावानं आमच्या शेताचेही जितके मिळाले तितके जुने उतारे काढून ठेवले आणि मला फोटो पाठवले. मी रात्री ते मोठे करून करून वाचत बसलो. आजोबांचं नाव, वर्षामागून वर्षं. ज्वारी, बाजरी, तूर, करडई. कापूस नंतर वाढत गेलेला. आणि १९७२-७३ च्या पिकाच्या रकान्यात एकच शब्द, 'पड'.

पड म्हणजे पेरलंच नाही, जमीन पडीक.

आता बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी आमच्या घरात शंभरदा झालेल्या. आजी सांगायची, मृगात पेरलं, ते करपलं. मग घरात खायला ठेवलेल्या ज्वारीतली पायलीभर काढून पुन्हा पेरलं. ते उगवलं, वीतभर आलं आणि तेही गेलं. दुसऱ्या पेरणीच्या वेळी आजोबा आणि आजीचं भांडण झालं होतं. आजोबा म्हणत होते पेरू नको, पोरांना खाऊ दे. पेरली ती आजीनं. नंतर ती त्या ज्वारीचा हिशेब आयुष्यभर करत राहिली. तेवढ्या दाण्यांत किती भाकरी झाल्या असत्या, कुणाला किती पुरल्या असत्या. माझी एक आत्या त्या वर्षी वारली. तापानं वारली असं सगळे म्हणतात. आजी काही म्हणायची नाही.

आणि कागदावर 'पड'.

मला पहिल्यांदा राग आला. मग वाटलं, राग कुणाचा धरायचा? ज्या कुणी ते लिहिलं तो शेतावर आला असेल तेव्हा तिथे काही नव्हतंच. नुसती भेगाळलेली काळी जमीन. त्यानं पाहिलं, आणि दिसलं ते लिहिलं. एका अर्थानं पाहणी बरोबर आहे. दोन वेळा पेरलेलं बी, घरातून काढलेली ज्वारी आणि त्यावरून झालेलं भांडण हे शेतात उभं राहिल्यावर दिसत नाही. ते विचारावं लागतं. आणि विचारायचं तर ते आजीला विचारावं लागलं असतं, जिचं नाव त्या कागदावर कुठेच नव्हतं.

आजीची पाहणी एकदाच झाली होती, लग्नाआधी. आजोबांकडची चार माणसं 'पाहायला' आली होती. तिनं मान वर केली नाही, त्यामुळे तिला कुणी दिसलं नाही, हेही ती हसून सांगायची. त्यानंतर सरकारदरबारी तिचं नाव लागलं ते बहात्तरच्याच दुष्काळात, कामावरच्या मस्टरवर. खडी फोडायला जायची. सुकडी मिळायची, रेशनवर परदेशी तांबडी मिलो ज्वारी यायची. मस्टरवर अंगठा उठवला की मुकादम नाव पुकारायचा. "माजं नाव मोठ्यांदा घ्यायचे," ती सांगायची. त्याचं तिला अप्रूप होतं. याच दुष्काळी कामांतून पुढे रोजगार हमीचा कायदा आला, १९७७ साली. सातबाऱ्यावर मात्र तिचं नाव आजोबा गेल्यावर, वारस म्हणून आलं. तोवर चाळीसेक वर्षं ती त्याच रानात राबली होती.

यंदा दिवाळीत हे सगळं चुलत भावाशी बोललो. तो आपल्या मोबाइलमध्ये गुंतला होता. म्हटलं, काय करतोस? म्हणाला, "पाहणी." मला आधी कळेना. तर ई-पीक पाहणी! १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर हे सुरू झालं. शेतकऱ्यानं स्वतः शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा, तो जागेच्या अक्षांश-रेखांशासकट चढवायचा आणि मग सातबाऱ्यावर पीक लागतं. पुढे 'डिजिटल क्रॉप सर्व्हे' नावानं यात सुधारणा झाल्या. घरी बसून फोटो चढवता येत नाही, शेताजवळच जावं लागतं. म्हणजे सत्ता बदलल्या, भाषा बदलल्या, आणि आता पाहणारा बदलला. जो इतकी वर्षं दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहिला जात होता त्याच्याच हातात डोळा दिला.

मला ही कल्पना मनापासून आवडली. म्हटलं, आजी असती तर दोन्ही पेरण्यांचे फोटो चढवले असते. भाऊ हसला. म्हणाला, "रेंज यायला पायजे ना आधी. आन् मुदतीत नाही केलं तर कोराच राहतो रकाना. मग विकायच्या येळेला म्हणतात, तुझ्या सातबाऱ्यावर पीकच दिसत न्हाई." शेजारच्या एका म्हातारीची पाहणीही तोच करून देतो. तिच्याकडे साधा फोन आहे. तिचं शेत, तिचं पीक, फोटो याचा.

तो हे बोलत असताना भाची ओट्यावर बसून ऐकत होती. तिला यातलं किती कळलं कोण जाणे. तिनं एवढंच विचारलं, "मग मामा, त्या पेपरवर आजी का नाही दिसली?"

या वेळी क्रियापद बरोबर होतं. कुणी हसलं नाही.

मी तिला म्हटलं, कुणी पाहिलंच नाही म्हणून. ती विचार करत राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आपल्या वहीत पणजीचं नाव लिहून घेतलं आणि खाली तिनं कधी काय पेरलं होतं ते मला विचारून विचारून लिहिलं. अर्धं देवनागरीत, अर्धं इंग्रजीत. ज्वारीच्या पुढे 'टू टाइम्स' असं लिहिलंय.

आता ती परत गेली. परवा तिचा आवाजी निरोप आला, घरामागे हरीण आलं होतं म्हणे. "मामा, मला हरीण दिसलं. मग मी ते खूप वेळ पाहिलं."

तुमच्या घरी असे जुने पाहणी पत्रकाचे, आणेवारीचे कागद असतील तर काढून बघा. घरातलं कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला शेजारी बसवून वाचा आणि कोऱ्या रकान्यांबद्दल विचारा. आणि तुमच्याकडे 'पाहणं', 'बघणं', 'दिसणं' यातलं काय जास्त चालतं, वेगळा एखादा शब्द आहे का, तेही जरूर कळवा. मला हवंय ते.

असो. आजच्यापुरतं एवढंच.